चाकं टेकण्याआधी

चिकलठाण्याच्या विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. धावपट्टी कुठल्या दिशेला टाकायची हे ठरवताना आधी वाऱ्याला विचारावं लागतं. वर्षातले जास्तीत जास्त दिवस वारा ज्या अंगानं वाहतो, त्या अंगाला तिचं तोंड असावं लागतं. आमच्या भागात मृग लागायच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुरू होतो आणि पुढे आषाढात तो हर्सूलच्या तलावावर लाटा उठवतो. दिल्लीची, मुंबईची विमानं याच वाऱ्याशी जमवून घेत खाली येतात.

विमान वाऱ्याला पाठ दाखवून उतरत नाही, तोंड देऊन उतरतं. शहरातल्या माणसाला हे उलटं वाटेल, पण खळ्यावर उपणणी पाहिलेल्या माणसाला समजायला सोपं आहे. उंचावर उभा राहिलेला शेतकरी पाटीतलं धान्य सोडण्याआधी वाऱ्याचा अंदाज घेतो. वारा पडला किंवा फिरला की त्याचा हात थांबतो. पाटी तशीच डोक्याशी धरून तो उभा राहतो. खाली बसलेलं कुणी त्याला ‘घाबरला’ असं म्हणत नाही.

थोडं गणित करू, अवघड नाही. समजा, एखादं विमान हवेत १४० नॉट वेगानं उतरतं आहे. एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर. समोरून १० नॉटचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग १३० नॉट होतो. तोच वारा पाठीमागून असेल तर १५०. फरक वीसचाच दिसतो. पण धावतं वजन थांबवायला लागणारी ताकद वेगाच्या वर्गानं वाढते. १३०चा वर्ग आणि १५०चा वर्ग काढून बघा, जवळपास एक तृतीयांशाचा फरक पडतो. तेवढं जास्त काम ब्रेकना करावं लागतं, आणि धावपट्टी ओली असेल तर ब्रेकची पकडही कमी झालेली असते. आडवा वारा हे आणखी वेगळं प्रकरण. पैठणच्या बाजूला पूर आलेली गोदावरी ओलांडणारा नावाडी नावेचं नाक पलीकडच्या घाटाकडे धरत नाही, त्याच्या बऱ्याच वर, प्रवाह येतो त्या दिशेला तिरकं धरतो. वैमानिकही तसंच करतो. विमान तिरकं येतं आणि अगदी शेवटच्या क्षणी पायाखालच्या पट्ट्यांनी नाक सरळ करून चाकं टेकवतो. त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला, की सगळं जुळवलेलं विस्कटतं.

अशा वेळी वैमानिकाच्या हातात एक गोष्ट असते. इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, नाक वर करायचं, चाकं आत घ्यायची आणि पुन्हा आकाशात जायचं. वैमानिकांच्या भाषेत याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. मराठीत याला नेमका शब्द नाही, आणि शब्दांवर पोट नसलं तरी जीव असणारा माणूस म्हणून मला ते खटकतं. ‘माघार’ म्हणावं तर त्यात हार येते. ‘परत फिरणं’ म्हणावं तर विमान मागे फिरत नाही, पुढेच जातं आणि वर जातं. ‘फेरा’ हा शब्द मला जवळचा वाटतो, पण फेऱ्यात अडकणं हा वाक्प्रचार त्याला चिकटलेला आहे. म्हणून इथे ‘गो-अराउंड’च ठेवतो.

खरं म्हणजे माघारीला कमी लेखण्याचं आपल्या मातीला काही कारण नाही. ज्या मलिक अंबरनं १६१०च्या सुमारास खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं, त्याची सगळी युद्धकला समोरासमोरची लढाई टाळण्यावर उभी होती. त्याच्या नहरीचं पाणी आमच्या हर्सूलच्या अंगानंच शहरात उतरलं. मोगली फौज चाल करून आली की हा मागे सरके, रसद तोडे, जागा आणि वेळ आपली झाली की मगच भिडे. १६२४ साली भातवडीला त्यानं दोन मोठ्या फौजांना हरवलं ते असंच. मराठ्यांनी पुढे हीच कला कुठल्या उंचीला नेली ते मी सांगायला नको. तरीही रोजच्या बोलण्यात आपण मागे येणाऱ्याला भित्राच म्हणतो.

विमान कंपन्यांचा नियम काय सांगतो? धावपट्टीपासून साधारण हजार फूट उंचीवर असताना विमान सगळ्या बाजूंनी स्थिर हवं. वेग ठरल्याप्रमाणे, खाली येण्याची गती ठरल्याप्रमाणे, चाकं बाहेर, दिशा सरळ. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर चर्चा करायची नाही, वर जायचं. नियम इतका स्वच्छ आहे. पण फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या जागतिक संस्थेनं केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की अशा अस्थिर उतरणींपैकी जेमतेम तीन टक्के वेळा वैमानिक वर जातात. शंभरातले सत्त्याण्णव जण ‘जमेल’ म्हणून उतरतात, आणि बहुतेक वेळा जमतंही. जमतं म्हणूनच सवय लागते.

या सवयीला आपण प्रवासीही खतपाणी घालतो. काही वर्षांपूर्वी मुंबईहून एका कार्यक्रमावरून विमानानं परत येत होतो. जूनचे दिवस होते, वारा सुटलेला. खाली शेतं, पत्र्याची शेडं स्पष्ट दिसायला लागली आणि अचानक इंजिनं गर्जली, पाठ खुर्चीला दाबली गेली, विमान वर. पलीकडच्या रांगेतल्या आजी पदर तोंडाशी धरून पुटपुटायला लागल्या. माझ्याही ओठांवर कलमा आला, खोटं कशाला सांगू. दहा-पंधरा मिनिटांनी आम्ही सुखरूप उतरलो. मग लोक बोलायला लागले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘पायलट कच्चा दिसतोय.’ सामानाच्या पट्ट्याजवळ एक जण फोनवर घरी सांगत होता, ‘अगं, एका तिकिटात दोनदा उतरलो आम्ही.’ पहिल्याच फेरीत आदळत, हिसके देत विमान उतरवलं असतं तर याच लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, असा माझा अंदाज आहे.

आपल्याकडच्या विमानसेवेचा आरंभ मात्र या बाबतीत फार शहाणा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं. ते उतरले जुहूला, समुद्राकाठच्या कच्च्या मैदानावर. पावसाळ्यात त्या मैदानाचा चिखल व्हायचा. मग टाटांनी काय केलं? पावसाळ्यापुरता सगळा कारभार पुण्याला हलवला. इथे उतरण्यात शहाणपणा नाही, हे एकदा मान्य केलं की वाद संपला. एका वैमानिकानं शेवटच्या क्षणी घ्यायचा निर्णय अख्ख्या संस्थेनं आधीच घेऊन टाकला होता. पुढे पक्क्या धावपट्ट्या आल्या, दिवे आले, धुक्या-पावसात वाट दाखवणारी यंत्रं आली, आणि प्रत्येक सोयीबरोबर तो निर्णय संस्थेकडून सरकत सरकत एका माणसाच्या मनगटावर येऊन थांबला.

जून १९८२मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७०७ मुंबईत मुसळधार पावसात धावपट्टीच्या अलीकडेच जोरात आदळलं. त्यानंतर ते पुन्हा उचलण्याचा प्रयत्न झाला, पण उशीर झाला होता. विमानातल्या १११ जणांपैकी १७ गेले. उंचीचं भान सुटलं, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

आणि मग आमचं १९९३. इथल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा, २६ एप्रिल ही तारीख सांगावी लागत नाही. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ भर दुपारी एकच्या सुमारास चिकलठाण्याहून मुंबईकडे निघालं. एप्रिलचं ऊन, विमान भरलेलं, आत ११८ माणसं. धावपट्टी संपली तिथून ४१० फुटांवर बीड रस्ता, आणि त्या रस्त्यावरून रुईच्या गाठी भरलेला ट्रक चाललेला. मराठवाड्यातल्या माणसाला तो ट्रक डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत. दाबून बांधलेल्या गाठी थरावर थर रचून टपाच्या कितीतरी वर गेलेल्या असतात. विमानाचं डावं चाक आणि डावं इंजिन त्या गाठींना धडकलं. तसंच ते पुढे जात राहिलं, मग उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकून शेतात कोसळलं. ५५ जण गेले. ज्या कापसावर इथली लग्नं ठरतात आणि कर्जं फिटतात, तो कापूस असा बातमीत आला.

ही उतरण्याची नव्हे, उडण्याची गोष्ट आहे, हे मला माहीत आहे. तरी ती इथे यायलाच हवी. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरी गोष्ट अशी, की विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवायला हवी होती, ती विमानतळ सांभाळणाऱ्या यंत्रणेनं थांबवली नाही. आम्हा गावकऱ्यांच्या तोंडी बराच काळ राहिला तो फक्त ट्रक. पण मला या प्रकरणातून एक वेगळीच गोष्ट शिकायला मिळाली. उडताना एक ठरलेला वेग असतो. त्या वेगापर्यंत वैमानिक ब्रेक मारून थांबू शकतो. तो वेग ओलांडला, की थांबण्याचा हक्क संपतो, उडावंच लागतं. उतरताना उलट आहे. चाकं टेकल्यावरसुद्धा, इंजिनाचा उलटा झोत सुरू करेपर्यंत पुन्हा वर जाण्याचा हक्क शाबूत असतो. तो झोत एकदा सुरू केला, की मग थांबायचंच. हे दोन उंबरठे ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

गो-अराउंड केलं की सगळं सुरळीत होतं, असं मात्र समजू नका. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला मद्रासहून हैदराबादला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या एअरबसला खाली काही दिसेना, म्हणून वैमानिक नियमाप्रमाणे वर गेले. पण उतरताना पंखांना जोडून बाहेर काढतात ते फ्लॅप आत जाईनात. असं विमान हवेला अडत, रखडत चालतं आणि इंधन पितं. मद्रासला परत निघालेलं ते विमान इंधन संपत आल्यानं तिरुपतीजवळ भाताच्या शेतात उतरवावं लागलं. आतले सगळे २६२ जण वाचले. ऑगस्ट २०१५मध्ये दोह्याहून कोचीला आलेल्या जेट एअरवेजच्या विमानानं कोचीला तीनदा आणि तिरुवनंतपुरमला तीनदा प्रयत्न सोडून दिला आणि सातव्या वेळी जवळजवळ अंदाजानं, टाक्या कोरड्या पडत असताना ते उतरलं. म्हणजे वर जाणं हा उपाय आहे, पण तो वेळेवर आणि खिशात इंधन असताना करायचा. कुठे जायचं हे आधी ठरलेलं असेल तर त्याचा उपयोग.

आता वाऱ्याकडून माणसांकडे वळतो. कॉकपिटमध्ये दोन माणसं असतात. एक कॅप्टन, एक सहवैमानिक. विमान चालवणारा एक आणि त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा. चूक दिसली की दुसऱ्यानं बोलायचं, हे त्याचं कामच आहे. ऐकायला किती सोपं! मी शायरीच्या जगातला माणूस आहे. सिराज औरंगाबादीच्या गावात आमच्याकडे इस्लाहची रीत होती, शागिर्दानं आपली गझल उस्तादापुढे ठेवायची आणि उस्तादानं ती दुरुस्त करायची. फार सुंदर रीत. पण तिची वाट एकाच दिशेची. उस्तादाच्या एखाद्या ओळीचं वजन कमी-जास्त झालं तर शागीर्द मान खाली घालून ‘सुब्हानल्लाह’ म्हणतो. आमच्या अदबीत दुसरा शब्दच ठेवलेला नाही. मराठी घरात तरी काय वेगळं आहे? मोठ्यांच्या तोंडाला लागू नये, हे आपण सगळेच पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी शिकतो. गझलेत त्यानं एक ओळ बिघडते, एवढंच.

जगाला हे कळायला १९७७ साल उजाडावं लागलं. २७ मार्चला टेनेरीफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाण सुरू करणारा कॅप्टन आपल्या कंपनीतला अत्यंत मान्यवर वैमानिक होता. दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं आहे ना, अशी शंका त्याच्या मागे बसलेल्या इंजिनिअरनं बोलूनही दाखवली होती. कॅप्टननं ती झटकून टाकली आणि विषय संपला. त्यानंतर अमेरिकेत नासानं पुढाकार घेतला आणि १९७९पासून वैमानिकांना आणखी एक विषय शिकवायला सुरुवात झाली. वरिष्ठाला कसं अडवायचं आणि कनिष्ठाचं कसं ऐकायचं, असा तो विषय. पुढे तो जगभर सक्तीचा झाला, आपल्याकडेही.

तरी मंगळूर घडलं. २२ मे २०१०च्या सकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान टेकडीच्या माथ्यावर सपाट करून बांधलेल्या धावपट्टीवर उतरत होतं. अशा धावपट्टीला टेबलटॉप म्हणतात, दोन्ही टोकांना दरी. त्या दिवशी वारा शांत होता आणि हवा स्वच्छ होती. वाऱ्यावर सगळा दोष टाकणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. विमान खूप उंच होतं, वेग जास्त होता. सहवैमानिकानं तीन वेळा गो-अराउंड करा असं सांगितलं. यंत्र धोक्याच्या सूचना देत होतं. कॅप्टन उतरत राहिले. ८०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान स्थिरपणे टेकलं ते सुमारे ५२०० फुटांवर. १६६ पैकी १५८ जण गेले, आठ वाचले.

या अपघाताची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचे प्रमुख होते आपले एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे माजी उपप्रमुख. त्यांच्या अहवालात आलं, की कॅप्टन वाटेत तासाहून बराच जास्त वेळ झोपलेले होते आणि त्या झोपेची गुंगी पुरती उतरली नव्हती. सगळ्यांत हळहळ वाटते ती पुढच्या नोंदीची. चाकं टेकल्यावर उलटा झोत सुरू झाला होता, ब्रेक लागले होते, आणि मग कॅप्टननं तो झोत बंद करून पुन्हा उडायचा प्रयत्न केला. हक्क होता तेव्हा वापरला नाही आणि संपल्यावर वापरायला गेले. ब्रेक पूर्ण लावून ठेवले असते तर विमान थांबू शकलं असतं, असं हिशेबानं दिसून आलं.

दहा वर्षांनी, त्याच कंपनीचं, दुबईहूनच आलेलं विमान. गाव कोळिकोड, धावपट्टी पुन्हा टेबलटॉप. तारीख ७ ऑगस्ट २०२०. या विमानाचे कॅप्टन मराठी होते, विंग कमांडर दीपक वसंत साठे, नागपूरच्या सैनिकी परंपरेच्या घरातले. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे विद्यार्थी, हवाई दलाच्या अकादमीतून सन्मानाची तलवार घेऊन बाहेर पडलेले, पुढे चाचणी वैमानिक. आपल्या माणसांत यापेक्षा वरचढ कागदपत्रं क्वचितच सापडतील. करोनात आखाती देशांत अडकलेल्या लोकांना आणणारी ‘वंदे भारत’ मोहीम सुरू होती. विमानात १९० माणसं होती, बरीचशी कामधंदा सुटून घरी निघालेली.

अंधार पडला होता, पाऊस कोसळत होता. साठे आधी पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे २८ क्रमांकाच्या धावपट्टीवर, वाऱ्याला सामोरे उतरायला आले. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही. कॅप्टनच्या काचेवरचा वायपरही मध्येच थांबला होता. त्यांनी नियमाप्रमाणे विमान वर नेलं. कोइमतूरला जाण्याएवढं इंधन शिल्लक होतं. पण दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी उलटी बाजू घेतली, १० क्रमांकाची, आणि आता वारा पाठीमागून आला. अहवालाच्या हिशेबानं तो सुमारे १४ नॉट होता. ओल्या, दरीत संपणाऱ्या धावपट्टीवर एवढ्या वाऱ्यात थांबायला किती अंतर लागेल, हा हिशेब त्या दोघांनी मांडल्याची नोंद नाही. वायपर चालला तो मंद. विमान हवं त्यापेक्षा वेगानं खाली आलं, मग धावपट्टीच्या वरून तरंगत पुढे पुढे गेलं. सहवैमानिक अखिलेश कुमार यांनी गो-अराउंडची सूचना केली. चाकं टेकली ती ८८५८ फुटांपैकी ४४३८ फुटांवर. विमान टोकावरून खाली गेलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. दोघा वैमानिकांसह २१ जण गेले.

त्या रात्रीचं आणखी एक सांगायलाच हवं. शेजारच्या कोंडोट्टीचे लोक भर पावसात धावत आले. तो भाग तेव्हा करोनामुळे बंद केलेला होता. त्या वर्षी माणसं एकमेकांकडे संशयानं बघत होती, काहींकडे जरा जास्तच. तरी या लोकांनी कसलीही विचारपूस न करता जखमी हातांवर उचलून नेले आणि रात्री रक्त द्यायला रांगा लावल्या.

दुसऱ्या दिवसापासून आपल्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागला. विमानाची चाकंच उघडत नव्हती, साठेंनी इंधन संपवायला तीन घिरट्या घातल्या, स्वतःचा जीव देऊन सगळ्यांना वाचवलं, असा. तो शेकडो लोकांनी पाठवला, त्यावर कविता झाल्या, मराठीतही पुष्कळ झाल्या. मर्सिया जपणाऱ्या समाजातला मी आहे. शोकाला नायक लागतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण चाकं उघडलेली होती, आणि इंधन संपवण्याच्या घिरट्या नव्हत्याच.

सप्टेंबर २०२१मध्ये अपघात तपास विभागाचा अहवाल आला. संभाव्य कारण म्हणून त्यात लिहिलं आहे, की उतरण अस्थिर असताना कॅप्टननं ती चालू ठेवली, गो-अराउंडची सूचना मिळूनही निम्म्या धावपट्टीवर विमान टेकवलं, आणि सहवैमानिकानं सूत्रं हातात घेऊन विमान वर नेलं नाही. काही जणांना हा मृतांचा अपमान वाटला. मला तसं वाटत नाही. अहवाल तिथे थांबत नाही. कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहूनच पुढचं विमान न्यायचं होतं. कोइमतूरला गेले असते तर कामाच्या तासांच्या नियमामुळे ते विमान त्यांना नेता आलं नसतं, आणि कोळिकोडला कॅप्टनांची संख्या अपुरी होती. ती अपुरी का होती, तर कंपनीच्या माणसं नेमण्याच्या धोरणामुळे. व्यवस्थेतल्या दोषांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असं तपास करणाऱ्यांनी स्पष्ट म्हटलं. म्हणजे त्या काचेसमोर बसलेल्या माणसाच्या मनात पाऊस आणि वारा यांच्याबरोबर उद्याचं वेळापत्रकही होतं. जुहूचा चिखल बघून पुण्याला जाणाऱ्या टाटांच्या संस्थेनं जो भार स्वतः उचलला होता, तो इथे रात्रीच्या अंधारात एकट्या कॅप्टनच्या खांद्यावर आला.

अखिलेश कुमार यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. त्यांनी सांगितलं, पण हात पुढे केला नाही. सन्मानाची तलवार मिळवलेल्या, अनुभवानं आणि वयानं कितीतरी मोठ्या माणसाच्या हातातलं विमान काढून घ्यायला किती सेकंद होते त्यांच्याकडे? नियमानं त्यांना अधिकार होता. तो अधिकार वापरायला अंगात काय मुरलेलं असावं लागतं, हे मला विचारू नका. उस्तादाची ओळ दुरुस्त केलेला एकही शागीर्द मी आजवर पाहिलेला नाही. मंगळूरच्या अहवालात तीन सूचना आणि पुढे न झालेला हात, कोळिकोडच्या अहवालातही सूचना आणि पुढे न झालेला हात, मध्ये दहा वर्षं.

साठेंवरच्या मराठी लिखाणात जाता जाता उल्लेख झालेली, क्वचित न झालेलीही, एक गोष्ट राहते. धावपट्टी दिसली नाही आणि कॅप्टननं पहिला प्रयत्न सोडून विमान वर नेलं, ती पहिली फेरी. मोबाइलवरच्या मजकुरातल्या तीन घिरट्या घडल्याच नाहीत. ही एक घडली होती. २८ क्रमांकाची धावपट्टी, समोरून वारा, पाऊस, थांबलेला वायपर, आणि ठरलेल्या उंचीवर घेतलेला निर्णय. विमानातल्या यंत्रांनी त्याची वेळ सेकंदासह टिपून ठेवलेली आहे.